वीस हजाराचे वीस: उचलीच्या रकान्यातला एक कॉमा

शनिवारी रात्री साडेआठला काकांचा फोन आला. पहिलंच वाक्य, "काहून रे बाबू, तुयं ॲप पैशे खाते का?"

काका म्हणजे आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-नेर पट्ट्यातले खेडा खरेदी करणारे (गावातच शेतकऱ्याकडून माल घेणारे) व्यापारी, नात्याचे नाहीत पण लहानपणापासून काकाच. दसऱ्यापासून कापूस यायला लागला की त्यांच्या अंगणात काटा लागतो, आसपासच्या चार-पाच गावांतून माल येतो, जमला की गाडी भरून जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, जातो. त्यांच्यासाठी मी एक छोटं ॲप लिहून दिलं होतं, शेतकऱ्याचं नाव, वजन किलोत, भाव, आधी दिलेली उचल, आणि खाली हातात द्यायची रक्कम, बस. ऑब्जेक्टिव्ह-सी या ॲपलच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलं कारण तेव्हा पुण्याच्या नोकरीत मी तेच लिहीत होतो आणि हात त्याच भाषेवर बसलेला. ॲपलची नवी भाषा स्विफ्ट २०१४ साली आली होती, माझ्यापर्यंत नीट पोचायला वेळ लागला. तीन हंगाम ॲप बिनातक्रार चाललं म्हणून मी पण विसरून गेलो होतो.

आता गल्ल्यात ५९,९४० रुपये कमी. आठवडाभराच्या पावत्या ॲपनं जोडून दाखवलेली एकूण रक्कम आणि दिलेली रोकड बरोबर जुळत होती, म्हणजे ॲपच्या हिशोबानं सगळं ठीकच होतं. पण दिवाणजींच्या लाल वहीत उचलीचं खातं वेगळं असते, त्यात तीन जणांकडून वसूल व्हायला पाहिजे होते ६०,००० आणि ॲप म्हणत होतं वसूल झाले ६०. साठ हजार नाही, साठ रुपये. हे मात्र मला नंतर कळलं, फोनवर काका फक्त "साठ हजार गेले" एवढंच म्हणत होते आणि मी बॅकअप, सिंक, डेटाबेस असलं काहीबाही डोक्यात घेऊन बसलो.

रविवारी सकाळी गाडी काढून गेलो. दिवाणजी, वय सत्तरीच्या पुढं, चष्मा कपाळावर, त्यांनी आधीच निदान करून ठेवलं होतं. म्हणे, "फरकाले नऊनं भाग जाते. मंजे आकडा उलटा पडला कुठंतरी." हा जुन्या मुनिमांचा नियम खरा आहे, दोन अंकांची अदलाबदल झाली की येणारा फरक नेहमी नवाच्या पटीत असतो, ५४ चे ४५ झाले की फरक ९, ८१ चे १८ झाले की ६३. ५९,९४० ला नऊनं भाग जातोच. पण मी मोबाईलवर भागत बसलो तर ९९ नं नाही जात, ९९९ नं बरोब्बर जाते, ६० वेळा. आणि तिथंच पोटात गोळा आला, कारण एखाद्या आकड्याची शेवटची तीन शून्यं उडाली तर फरक ९९९ च्या पटीत येतो. वीस हजाराचे वीस झाले की १९,९८०. पंधरा हजाराचे पंधरा झाले की १४,९८५. पंचवीसचे २४,९७५. तिन्हींची बेरीज ५९,९४०.

पावत्या काढल्या. तीन पावत्यांवर स्पष्ट छापलेलं: उचल २०, उचल १५, उचल २५. बाकीच्या सगळ्या नीट. पहिल्या माणसाचा हिशोब सांगतो, ८४० किलो कापूस, भाव एकाहत्तरशे म्हणजे किलोमागं ७१, झाले ५९,६४०. त्यातून वीस हजार उचल कापून ३९,६४० द्यायचे, दिले ५९,६२०. कोणाच्या नजरेत नाही आलं. संध्याकाळची घाई, लाईन लागलेली, लाईट गेलेली, काका स्क्रीनवरची शेवटची रक्कम बघतात आणि नोटा मोजतात.

मी म्हटलं काका, उचल टाकून दाखवा जरा. त्यांनी आयपॅड मांडीवर घेतला आणि एका बोटानं टाइप केलं: वीस, कॉमा, शून्य शून्य शून्य. वहीत लिहितात तसंच.

माझ्या कोडमधली ती ओळ मला न बघताही आठवत होती. टेक्स्टफील्डमधला, म्हणजे टाइप करायच्या रकान्यातला, मजकूर घ्यायचा आणि त्याला इंटव्हॅल्यू, म्हणजे त्यातला पूर्णांक, विचारायचं. एनएसस्ट्रिंगचं (ॲपलमधला मजकुराचा प्रकार) इंटव्हॅल्यू असं काम करते: सुरुवातीची मोकळी जागा सोडून देते, मग जोपर्यंत अंक दिसतात तोपर्यंत वाचत जाते, आणि जिथं अंक नसलेलं काही आलं तिथं थांबून तोवरचं जे जमलं ते हातात देते. कॉमा हा अंक नाही. म्हणून "२०,०००" चे २०. चूक झाली, अर्धंच वाचलं, असं कुठंही बोलत नाही, ना एरर, ना इशारा. आणि सुरुवातच अंकानं नसेल, म्हणजे "रु. २००००" असं लिहिलं, तर सरळ ० देते. हे काही त्याचंच एकट्याचं नाही, सी भाषेतलं एटोआय असंच, जावास्क्रिप्टचं पार्सइंट पण "२०,०००" चे २० च देते.

मग तीन वर्षं कसं चाललं? हे शोधण्यातच माझा अर्धा रविवार गेला, आणि उत्तर निघालं ते माझ्याच हातचं. आधी काका हे ॲप आयफोनवर वापरायचे. त्या रकान्यांना मी नंबरपॅड कीबोर्ड लावलेला होता, आयफोनवर त्यात फक्त दहा अंक आणि खोडायचं बटन, कॉमा टाकायचा म्हटलं तरी टाकता येत नाही. त्या हंगामात डोळ्याला बारीक दिसते म्हणून त्यांनी जुना आयपॅड घेतला आणि मी मोठ्या उत्साहानं आयपॅडचा लेआउट करून दिला, अक्षरं मोठी, बटनं मोठी. आणि आयपॅडवर त्याच नंबरपॅडच्या जागी अंक आणि चिन्हांचा अख्खा कीबोर्ड येतो, कॉमा, टिंब, तिरकी रेघ सगळं हाजीर. म्हणजे माझं इनपुट तपासायचं काम मी कीबोर्डवर सोडलं होतं आणि कीबोर्ड बदलला हे मला माहीतच नाही. (तसंही आयफोनवर कोणी कॉपी करून पेस्ट केलं असतं तर नंबरपॅडनं अडवलं नसतंच. नशिबानं काकांना पेस्ट येत नाही.)

दुसरा प्रश्न दिवाणजींनी विचारला आणि तो जास्त चांगला होता: "मंग भावात काहून नाही गडबड झाली?" भाव पण चार आकडी, ७१०० च्या जागी ७ धरले असते तर पहिल्याच पावतीत बोंब झाली असती. तर गंमत अशी, तो २०२४-२५ चा हंगाम, हमीभाव मध्यम धाग्याचा ७,१२१ आणि लांब धाग्याचा ७,५२१ क्विंटलला, पण आपल्याकडं कापसाचा भाव कोणी सात हजार शंभर म्हणतच नाही, "एकाहत्तरशे" म्हणतात. एकाहत्तरशे मनात असलं की बोटं ७१०० असंच टाकतात, कॉमा मधी येत नाही. उचल मात्र "वीस हजार", आणि हजार म्हटलं की हात आपोआप हजारानंतर कॉमा टाकतो. ज्या बाकीच्या उचली नीट होत्या त्या पाच हजार आणि आठ हजारवाल्या, त्या काकांच्या पोरानं टाकल्या होत्या आणि नवीन पोरं कॉमा टाकत नाहीत.

आता मला इथं इंटव्हॅल्यूची बाजू पण सांगावी लागते, कारण मी ते आळसापोटीच वापरलं होतं असं नाही. निम्म्या शेतकऱ्यांना उचल नसतेच, रकाना रिकामा राहतो. रिकाम्या मजकुराचं इंटव्हॅल्यू ० येते आणि मला तेच पाहिजे होतं. ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये तर निलला, म्हणजे जिथं काहीच नाही त्याला, मेसेज पाठवला तरी ० च येतो, ॲप क्रॅश नाही होत. तेव्हा वाटलं किती सोयीचं. पण त्या शून्याचे तीन अर्थ आहेत: माणसानं खरंच ० टाकलं, काहीच टाकलं नाही, किंवा जे टाकलं ते कळलं नाही. तिन्हींना एकच उत्तर, आणि उत्तर देणाऱ्याला "कळलं नाही" म्हणायला तोंडच नाही, कारण परत जो जातो तो साधा सी चा इंट (पूर्णांक), त्यात निल ठेवायला जागा नसते. स्विफ्टमध्ये इंटला "२०,०००" दिलं तर सरळ निल मिळते आणि ते निल हाताळल्याशिवाय कंपायलर (कोड तपासून मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) पुढं जाऊ देत नाही. ही अडचण १९८० च्या दशकात ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह यांनी सी वर स्मॉलटॉक या दुसऱ्या भाषेचं कलम करून ऑब्जेक्टिव्ह-सी केली तिथपासूनची आहे, वस्तू स्मॉलटॉकसारख्या पण आकडे अजून सी चेच.

दुरुस्ती. पहिली दुरुस्ती मी तिथंच ओसरीवर बसून केली, लॅपटॉप होताच. मजकुरातले कॉमे काढून टाकायचे, मग इंटव्हॅल्यू. दहा मिनिटांचं काम, चहा थंड व्हायच्या आत झालं. काकांना दिलं, म्हटलं आता काहीपण टाका. त्यांनी टाकलं "२० हजार". झाले परत वीस.

काका हसले नाहीत. मी पण नाही.

मग मी वहीची जुनी पानं मागितली आणि ही माणसं रक्कम किती प्रकारे लिहितात ते बघितलं. २०,०००. २००००/- (चेकवर लिहितात तसं, पुढं कोणी आकडा वाढवू नये म्हणून). २० ह. २०.००० असं टिंब देऊन पण एका ठिकाणी. आणि दिवाणजींची सगळी वही मराठी अंकांत. फोनचा कीबोर्ड मराठीवर असला तर आकडे पण मराठी येऊ शकतात, ॲपलचा साधा नंबरपॅड भाषेप्रमाणं अंक दाखवतो, कायम इंग्रजीच पाहिजे असतील तर एएससीआयआय-केपेबल नंबरपॅड म्हणून वेगळा प्रकार आयओएस १० पासून आहे. मला तो माहीत नव्हता.

इथं अजून एका खड्ड्यात पडता पडता राहिलो. विचार केला, प्रत्येक अक्षर अंक आहे का ते तपासू, त्यासाठी डेसिमलडिजिट कॅरेक्टरसेट, म्हणजे अंकांचा संच, तयारच मिळतो. पण ॲपलच्याच कागदात लिहिलंय की या सेटमध्ये अरबी आणि भारतीय लिप्यांचे अंक पण धरलेत. म्हणजे मराठी २ आणि इंग्रजी २ दोघंही तपासणी पास होणार, आणि पुढचं कोड इंग्रजीच समजून चालणार. वाईट काही नाही त्यात, मराठी अंक चालायलाच पाहिजेत आपल्याकडं, फक्त ते आपण मुद्दाम चालवले पाहिजेत. म्हणून मी पुढची पायरी कोणावर न सोडता स्वतः केली: युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं कोष्टक) देवनागरी शून्य १६ च्या पायात ०९६६ वर आणि नऊ ०९६६ च्या पुढं नऊ घरं, ०९६फ वर, सलग. अक्षर त्या टप्प्यात असलं की त्यातून ०९६६ वजा करायचे आणि साधा अंक ठेवायचा. पाच ओळी.

आकडे वाचायचं-दाखवायचं ॲपलचं तयार साधन, एनएसनंबरफॉर्मॅटर, पण करून पाहिलं. ते निल देते, हे चांगलं. पण लोकेल, म्हणजे देश-भाषेची पद्धत, आपण सांगितलं नाही तर ते डिव्हाइसच्या सेटिंगवर जाते, आणि कॉमाचा अर्थ लोकेलवर ठरतो, जर्मन सेटिंगमध्ये कॉमा म्हणजे दशांश चिन्ह. दारव्ह्यात जर्मन आयपॅड कोण आणणार हे खरंय, पण सेकंडहँड वस्तू आहे, सांगता येत नाही. फॉर्मॅटर मी ठेवला, पण वाचायला नाही, दाखवायला. भारतातल्या इंग्रजीचं लोकेल पक्कं करून दिलं की १,००,००० असा लाखाचा कॉमा बरोबर पडतो.

वाचायला शेवटी एनएसस्कॅनर, मजकूर तुकड्यातुकड्यानं वाचणारं साधन, घेतला. त्याला आकडा शोध म्हटलं की तो हो की नाही सांगतो आणि आकडा वेगळ्या जागी ठेवतो, म्हणजे "कळलं नाही" ला तोंड मिळालं. पण तेवढ्यानं भागत नाही, "२० हजार" मध्ये स्कॅनरला पण २० सापडतात आणि तो हो च म्हणतो. म्हणून लगेच दुसरा प्रश्न विचारायचा, इजॅटएंड, शेवटपर्यंत पोचलास का? पोचला नाही म्हणजे मागं काहीतरी उरलंय, आणि उरलंय म्हणजे आपल्याला कळलेलं नाही. माझ्या मते अख्ख्या प्रकरणात हा एकच प्रश्न महत्त्वाचा होता. सी वाल्यांनी आकडा वाचायला स्ट्रटोल वापरलं असेल तर त्यातला एंड पॉइंटर, म्हणजे वाचणं कुठं थांबलं ती जागा, हेच सांगतो, पण बहुतेक जण तिथं नल (नको मला) टाकून मोकळे होतात, मी पण टाकलेला आहे.

मोठ्या आकड्याचं एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या हंगामात एकदा एका पावतीवर हातात द्यायची रक्कम उणे दोनशे चौदा कोटी आली होती. तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो आणि मी ती पावती डिलीट करून टाकली, कारण शोधलंच नाही. आता कळलं. पोरानं उचलीच्या रकान्यात शेतकऱ्याचा मोबाईल नंबर टाकला होता. इंटव्हॅल्यूला झेपेल त्यापेक्षा मोठा आकडा आला की ते आपलं सगळ्यात मोठं मूल्य देते, २,१४,७४,८३,६४७. आपल्या देशातले मोबाईल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ नं सुरू होणारे, म्हणजे भारतातला कोणताही मोबाईल नंबर इंटव्हॅल्यूमधून काढला तर तोच एक आकडा निघणार. त्याचंच भावंड इंटीजरव्हॅल्यू ६४ बिटच्या मशीनवर हे झेपवते, जुन्या ३२ बिटवाल्या आयपॅडवर नाही. स्कॅनर पण ओव्हरफ्लोला, म्हणजे न मावणाऱ्या आकड्याला, हो च म्हणतो आणि सगळ्यात मोठं मूल्य देतो. म्हणून मी लाँगलाँग, म्हणजे जास्त मोठा पूर्णांक, घेतलं आणि वर मर्यादा घातली: उचल ० ते पाच लाख, त्याच्या बाहेर गेलं की नाही म्हणजे नाही. पाच लाखाचा आकडा काकांनीच दिला, "त्याच्यावर उचल मागनारा माया दारात येतच नाही."

तर आता ती पद्धत अशी चालते. मजकूर घ्या, कडेची मोकळी जागा काढा, काहीच उरलं नाही तर "रिकामं" असं वेगळं उत्तर. मराठी अंक इंग्रजी करा, शेवटी "/-" असेल तर काढा (काका ती सवय सोडणार नाहीत), कॉमे काढा, स्कॅन करा, शेवट गाठला का बघा, मर्यादेत आहे का बघा. कुठंही अडलं तर रकाना लाल आणि पावतीचं बटन बंद. जमलं तर रकान्याच्या खाली मोठ्या अक्षरात परत लिहून दाखवायचं, २०,००० रुपये, म्हणजे नोटा मोजायच्या आधी माणसाच्या डोळ्याखालून एकदा जाते. हजार, ह वगैरे शब्दांचा अर्थ लावायचा मोह झाला होता, नाही लावला. लाल झालं की काका शिव्या देतात आणि शून्यं टाकतात, तेवढं पुरे आहे.

हे करताना अख्ख्या कोडमध्ये इंटव्हॅल्यू शोधलं. उचलीच्या शेजारीच वजनाचा रकाना. मी किलो पूर्णांकात धरले होते, आणि काटा अर्धा किलो दाखवतो. आयफोनवर तर टिंब टाकताच येत नव्हतं, आणि आयपॅडवर ८४०.५ टाकलं की जुनं ॲप टिंबापाशी थांबायचं आणि ८४० धरायचं. अर्धा किलो, ७१ च्या भावानं साडेपस्तीस रुपये. साठ हजार चार दिवसांत सापडले कारण ते व्यापाऱ्याच्या गल्ल्यातून गेले होते आणि व्यापाऱ्याकडं दिवाणजी आहे. हे साडेपस्तीस तीन हंगाम गेले आणि कोणालाच नाही दिसले, कारण ते ज्यांचे गेले त्यांच्याकडं काकांची वही नसते. मी काकांना सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले मापारी बहुतेक खालचा किलो धरूनच सांगते, ॲपचा काय दोष. असेलही. आता वजन मी शंभर ग्रॅमच्या हिशोबात पूर्णांक ठेवतो, ८४०.५ म्हणजे ८४०५, आणि टिंबानंतर एकच अंक चालतो.

तिघांपैकी वीस हजारवाला त्याच रविवारी दुपारी स्वतःच आला होता, "भाऊ, माई उचल कापलीच नाही वाटते तुमी," म्हणत पैसे परत ठेवून गेला. पंचवीसवाल्यानं दुसऱ्या वेच्यात वळते करू म्हटलं आणि केले. पंधरावाल्यानं पावती पुढं केली, "याच्यावर त पंधराच लिवलं हाय." ते खरंच होतं, पावती माझ्याच ॲपनं छापलेली. त्याचं प्रकरण मिटायला फेब्रुवारी उजाडला, ते पण त्याच्या मोठ्या भावानं मधी पडून.

माझ्या कोडच्या जुन्या चाचण्या उघडून पाहिल्या तर उचलीच्या सगळ्या चाचण्यांत आकडा २०००० असाच, बिनकॉम्याचा, मी स्वतः लिहितो तसा. आता त्या फाईलीत वहीतून उतरवलेले सगळे नमुने आहेत, मोबाईल नंबरासकट.

दिवाणजींना ९९९ ची युक्ती भलती आवडली. आता फरक आला की आधी ९९९ नं भागून बघतात आणि भाग गेला तर मला फोन लावायचा असं त्यांनी ठरवून टाकलंय. परवा ६३ रुपयांचा फरक आला. ९९९ नं नाही गेला, नऊनं गेला. त्यांनी स्वतःच्याच वहीत ८१ चे १८ लिहिले होते. फोन तरी केलाच, सांगायला की या वेळी तू नव्हतास.